मासिकात न छापलेली हाळी

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत सायबर सुरक्षेच्या धंद्याचं एक मासिक येतं. मुंबईहून, प्लास्टिकच्या पाकिटात. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा ती पाकिटं न फाडताच एकावर एक ठेवलेली असायची. एकदा मी भीत भीत विचारलं, "सर, हे उघडलं तर चालेल?" ग्रंथपाल सर म्हणाले, "उघड. पण उघडलंस तर वाचावं लागेल. ते आलं की मलाच वाईट वाटतं, कोणी हातच लावत नाही त्याला."

म्हणून मी वाचायला लागले. सुरुवातीला त्यातलं निम्मं कळायचं नाही. कोणत्या कंपनीने कोणती कंपनी विकत घेतली, कोण कोणत्या पदावर गेलं, कोणाला कुठल्या हॉटेलात काय बक्षीस मिळालं. कोट घातलेली माणसं काचेचे चषक हातात धरून उभी. प्रत्येक दुसऱ्या पानावर जाहिरात, आणि जाहिरातीत नेहमी एक निळं कुलूप. ते निळं कुलूप मी इतक्या वेळा पाहिलं की हॉस्टेलच्या दाराचं गंजलेलं कुलूप बघितलं की मला त्याची दया यायची.

पण मधल्या पानांवर चांगले लेख असायचे. कुठल्या तरी कारखान्याच्या संगणकांना चोरांनी बाहेरून कसं टाळं लावलं, एका बँकेच्या माणसाला त्याच्याच साहेबाच्या आवाजात फोन कसा आला, आणि तो आवाज साहेबाचा नव्हताच, मशीनने बनवलेला होता. असं वाचलं की मला गप्प बसवायचं नाही. वर्गात मी कधी हात वर केला नाही. मास्तरांनी विचारलं तर उत्तर येत असूनही मान खाली. पण गावी गेले की आईसमोर माझं तोंड सुटायचं.

आमचं गाव मूलच्या पुढे, धानाची शेतं संपून जंगल सुरू होतं तिथे आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे मी सांगितलेलं घरात फार मनावर घेतलं जातं, इतकं की कधी कधी मलाच संकोच वाटतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत आईच्या बचत गटाची बैठक आमच्याच अंगणात होती. आई म्हणाली, "ते मासिकातलं सांग न बायांले." मी सांगितलं. अनोळखी फोन आला तर नाव सांगायचं नाही, घरात कोण कोण आहे ते सांगायचं नाही, "वीज कापतो" म्हणाला तरी घाबरायचं नाही. आणि शेवटी, मला वाटतं जरा शहाणपणा दाखवायला, मी म्हणाले, "अगदी माझ्या आवाजात फोन आला तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. हल्ली आवाजसुद्धा नकली निघतो."

शेजारची काकी, जिच्या डोक्यात कुठलीही गोष्ट एकदा गेली की बाहेर येत नाही, तिने विचारलं, "मंग तुयाच आवाजात नकली बाई बोलून राह्यली त आमाले कसं समजन?"

मी म्हणाले, "खात्री करायची."

"कशी?"

याचं उत्तर मासिकात होतं, पण ते बँकांसाठी होतं. तेव्हा आईच म्हणाली, "हाळी द्याले लावू."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

हाळीचं थोडं सांगायला हवं. आमच्या गावात जंगलात असताना कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे जातो तेव्हा माणसं झाडाझाडाखाली पांगलेली असतात, धुकं असतं, वाघाचं भय असतं. जुनी माणसं म्हणतात, नाव घेतलं की जंगल ते ऐकतं, आणि मग तेच नाव घेऊन तुम्हाला बोलावतं. खरंखोटं मला माहीत नाही. पण नावाऐवजी प्रत्येक घराची एक हाळी असते. शब्द नसतात, नुसता आवाज, लांब किंवा तुटक, चढता किंवा उतरता. हाळी आली की त्या घरच्या माणसाने ठरलेलं उत्तर द्यायचं, आणि हाळी देणाऱ्याने त्यावर शेवटचा आवाज द्यायचा. तिन्ही जुळलं तर माणूस आपला. नाही जुळलं तर जागेवरून हलायचं नाही. लहानपणी आम्हाला पाढ्यांच्या आधी हे शिकवतात.

सुट्टीनंतर कॉलेजात आले तर मासिकाच्या नव्या अंकात एक चौकट होती. वाचकांनी आपल्या भागातला सुरक्षेचा एखादा अनुभव लिहून पाठवावा, कोणत्याही भारतीय भाषेत चालेल, अनुवाद आम्ही करू. मी ती चौकट कितीदा वाचली कोणास ठाऊक. या मासिकात लिहिणारे सगळे कोटवाले. पण "कोणत्याही" असं लिहिलं होतं, आणि त्या शब्दाने मला धीर दिला. मी हाळीवर लिहिलं. कोटवाले ज्याला ओळख पटवणं म्हणतात ते आमच्याकडे मोहाच्या झाडाखाली कसं चालतं, एवढंच. लेख खरा वाटावा म्हणून मी आमच्या घरची हाळी कशी आहे तेही लिहिलं. किती लांब, कुठे तुटते, कुठे चढते, सगळं.

जानेवारी संपताना उत्तर आलं. लेख घेतला होता. मी ते उत्तर ग्रंथपाल सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "बघ, पाकीट फाडल्याचा परिणाम." मासिकाचा एक नियम मात्र होता. नव्या लेखकाची ओळख लेखकाकडून नाही, त्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून फोनवर पक्की करायची. कोणीतरी पूर्वी दुसऱ्याच्या नावावर लेख खपवला होता म्हणे. मी आईचा नंबर दिला. आईला सांगायचं मात्र माझ्या डोक्यातून निघून गेलं. मनात असं की आईला विचारतील, ही तुमची मुलगी का, आणि आई हो म्हणेल. यात सांगण्यासारखं काय?

फेब्रुवारीत एका दुपारी मी लायब्ररीत होते. फोन वाजला. संपादक मॅडम स्वतः होत्या. आवाज गोड, पण घाईचा.

"अंक आज छपाईला जातोय," त्या म्हणाल्या. "तुमचा लेख मला फार आवडलाय. पण अडचण अशी झालीय, तुमच्या आईंनी सांगितलं की त्यांना मुलगीच नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा त्या म्हणाल्या, 'तुमी कोण?' मी सांगितलं, मासिकाकडून बोलतेय. मागून दुसऱ्या बाई ओरडल्या, 'मासिक म्हणे! काल लाईटवाला होता, आज मासिक!' मग मी, काय सांगू तुम्हाला, तुमच्या लेखात आहे तशी हाळी दिली. भर ऑफिसात. तुमच्या आईंनी फोनवरून उलट आवाज दिला. मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, 'हॅलो, ऐकू येतंय का?' तर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'मले पोरगीच नाई.' आणि फोन ठेवला."

मी डोळे मिटले. हाळीला आईने उत्तर दिलं होतं, आणि त्यावरचा शेवटचा आवाज लेखात नव्हता. मी फक्त पहिली हाळी लिहिली होती. बाकीचं लिहायचं सुचलं नव्हतं.

"मॅडम, मीच आहे हो," मी म्हणाले.

"मला खात्री आहे. पण माझ्या खात्रीवर नियम चालत नाही. आम्हीच आमचा नियम मोडायचा आणि पुढच्या पानावर लोकांना शिकवायचं, बरं दिसत नाही. पाच वाजेपर्यंत पान थांबवते. नाहीतर त्या जागी जाहिरात तयार आहे."

निळं कुलूप, मला वाटलं. माझ्या लेखाच्या जागी पुन्हा एक निळं कुलूप.

मी लगेच आईला फोन लावला. आमच्या गावात शाळेच्या ओट्यावरच रेंज येते. धानानंतर पेरलेली लाखोळीची डाळ उपटायचे दिवस होते, तरी त्या दुपारी आई आणि काकी ओट्यावर बसल्या होत्या. त्या मुंबईच्या फोननंतर दोघी तिथून हलल्याच नव्हत्या. फोन उचलला गेला.

"माय, मी बोलतो," मी म्हणाले. घरच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाची होते, तिथे बायाही "बोलतो"च म्हणतात.

"कोण मी?"

"मी वं! अवाज नाई ओळखत का?"

पलीकडे कुजबुज झाली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आई म्हणत होती, "अवाज त तिचाच हाये." आणि काकी म्हणत होती, "तिनंच सांगतलं न, अवाजाचं काई खरं नाई म्हून."

"काकी, मीच आहे! मघाशी फोन आला होता न, ती बाई खरी आहे. तिले सांगा की मी तुमची पोरगी आहे."

हे बोलताना माझ्याच लक्षात आलं की कुठलाही चोर नेमकं हेच बोलला असता. काकीच्याही लक्षात आलं.

"पाह्य, पाह्य! पहिली बाई गेली, आता दुसरी तिचीच बाजू घेऊन राह्यली. थांब, मी इचारतो. सांग वं पोरी, तुमच्या घरची कोणती बकरी लंगडते?"

"काळी. मागच्या डाव्या पायानं."

"हे त साऱ्या गावाले माहीत हाये," काकी म्हणाली. "दुसरं सांग. मागच्या पोळ्याले मी तुले काय म्हणलं होतं?"

"तू म्हणली होती का मी शिकून कलेक्टर झाली त तुया दारापुढचा चिखल आधी बुजवीन."

काकी जरा नरम आवाजात म्हणाली, "ते बी साऱ्या गावाले माहीत हाये. मीच सांगतलं साऱ्याले."

आईने फोन जवळ घेतला असावा, कारण तिचा आवाज एकदम मोठा आला. तो थट्टेचा नव्हता. "माय वं, त्या बाईनं आपल्या घरची हाळी देल्ली. फोनवर. आपल्या घरची. तिले कोनं सांगतली?"

आई घाबरली होती ती आवाजाला नाही, हाळीला. आमच्या घरची हाळी मुंबईच्या कोणा बाईच्या तोंडी आली होती. आणि ती तिथे मी पोचवली होती, चांगल्या अक्षरात, उदाहरण म्हणून.

"मी लिहिली होती," मी म्हणाले. "मासिकात लिहिलं मी आपल्याबद्दल. खरंच."

"तू हाय त हाळी दे," आई म्हणाली.

मी लायब्ररीत होते. परीक्षेचे दिवस जवळ आलेले, टेबलं भरलेली. मी फोन घेऊन बाहेर आले. बाहेर सायकल स्टँड, त्याला लागून कडुनिंबाचं झाड, झाडाखाली मुलं उभी. मी झाडाच्या मागे गेले आणि हळूच हाळी दिली.

"ऐकू नाई आलं," आई म्हणाली.

जरा मोठ्याने दिली.

"हा त बकरीचा अवाज," काकी म्हणाली. "लंगडीचा."

मी कधी वर्गात "हजर" सुद्धा मोठ्याने म्हटलेलं नाही. पण पाच वाजत आले होते. मी मुलांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं, आणि पहाटे मोहाखाली देते तशी, पोटातून, पूर्ण हाळी दिली.

सगळं कॉलेज थांबल्यासारखं झालं. कोणाची तरी सायकल पडली. कँटीनमधून कोणीतरी शिट्टीने नक्कल केली. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत आमच्या विभागाचे सर आले आणि तसेच उभे राहिले. ग्रंथपाल सर दारात येऊन म्हणाले, "काय झालं? कोणाला लागलं का?"

आणि त्याच वेळी माझ्या हातातल्या फोनमधून आईचं उत्तर आलं. ती शाळेच्या ओट्यावरून देत होती, पण मला ते झाडांमधून आल्यासारखंच वाटलं. मी शेवटचा आवाज दिला. या वेळी मला अजिबात लाज वाटली नाही.

"अवं," आई म्हणाली, एकदम रोजच्या आवाजात, "जेवली का तू?"

"जेवली."

"काय होतं?"

"माय, आधी त्या बाईचा फोन येईल तो उचल. तिले सांग की मी तुयी पोरगी आहे."

"सांगतो न. पण भाजी कायची होती?"

मॅडमना मी फोन केला, आणि म्हणाले की आता आई हो म्हणेल. मग, धीर सुटायच्या आत, म्हणाले, "मॅडम, एक विनंती. लेखात आमच्या घरची हाळी लिहिली आहे तो भाग काढाल का? ती मी लिहायला नको होती. त्याशिवाय लेख चालत नसेल तर मग जाहिरातच छापा."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. बोलून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं. पलीकडे मॅडम हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या.

"आम्ही दर अंकात सांगतो, पासवर्ड कागदावर लिहून ठेवू नका," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा पासवर्ड आम्ही हजारो प्रतींत छापणार होतो. मी वाचला, अनुवादकाने वाचला, आम्ही दोघांनी तो म्हणून पाहिला, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही! काढते. तेवढ्या ओळी गेल्या तर लेखाला काही होत नाही."

त्यानंतर त्यांचं आणि आईचं काय बोलणं झालं ते मला दोघींकडून वेगवेगळं कळलं. मॅडम म्हणाल्या, आईंनी लगेच सांगितलं. आई म्हणाली, तिने मॅडमला आधी त्या जेवल्या का विचारलं, मुंबईत लाखोळीची डाळ मिळते का विचारलं, मग काकीने फोन घेऊन सांगितलं की पोरगी हुशार आहे पण बोलत नाही, आणि आज मात्र बोलली.

मार्चच्या सुरुवातीला अंक आला. पाकीट फाडायला ग्रंथपाल सरांनी मलाच बोलावलं. लेख पूर्ण पानभर होता. शेजारच्या पानावर निळं कुलूप होतंच, पण ते शेजारी होतं. वर एक चित्र काढलं होतं. मोठं मोहाचं झाड आणि त्याच्या बुंध्याला साखळी घालून कुलूप लावलेलं. रविवारी मी मूलच्या बसने घरी गेले. गटाच्या बायका जमल्या. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. काकीने चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"या झाडाले कुलूप काऊन लावलं?"

"सुरक्षेसाठी. म्हणजे, दाखवायला."

"मंग मोहा येचाचा कसा? चाबी त्या मुंबईवालीकडं हाये का?"

बायका हसून हसून पडल्या. आई हसली नाही. तिने पानावर हात फिरवला. वाचता येत नाही तिला, पण ओळींवरून बोट नेत गेली, जणू बोटाला काही लागेल. मग विचारलं, "हाळी नाई न यात?"

"नाई."

"पण त्या बाईले ठाऊक हाये."

"ती चांगली आहे माय."

"चांगली हाये. मी बोलली न तिच्यासंग. पण ठाऊक त हाये."

एवढंच बोलून ती चूल पेटवायला गेली. मी दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला परत आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईचा फोन आला. मोहाला कळ्या धरल्या होत्या. बाबांनी आणि तिने मिळून घरची हाळी बदलली होती. लहान भावाला ती पाठसुद्धा झाली. जुनी हाळी आता कोणाच्या उपयोगाची नाही, तरी मी ती इथे लिहिलेली नाही.

"नवी कशी आहे?" मी विचारलं. "दे न एकदा. मी ऐकून घेतो."

पलीकडून काकीचा आवाज आला, "पाह्य, पुन्हा फोनवर!"

"हे काय फोनवर सांगाची गोष्ट हाये?" आई म्हणाली. "पेपर झाले का घरी ये. मोहाच्या झाडाखाली सांगीन."

मी समोरच्या भिंतीवरचं परीक्षेचं वेळापत्रक बघितलं. शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी एक बस आहे, मूलपर्यंत. पुढे गावाकडे जाणारं कोणीतरी भेटेलच.